कोकिळाची फी आणि डोमाजीचा कोठा

सिंदी (रेल्वे),
गणपतीचा दुसरा दिवस, १९५९

आदरणीय सदाशिवराव दादा यांच्या पायाशी बाबारावचा रामराम. वहिनीलेही रामराम, लेकरांले आशीर्वाद.

विनंती अशी की हे पत्र उभ्यानं वाचू नका. आधी बसून घ्या, वहिनीले पाण्याचा गडू मागा, आन मंगच पुढं वाचजा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहो (खुशाल म्हणजे जेवण जाऊन राह्यलं, झोप येऊन नाई राह्यली). तुमच्या बहिणीचं, म्हणजे पंचफुलाचं, गुडघ्याचं दुखणं पोळ्यापासून एकदम थांबलं, कारण माझ्याकडं पाहून हासण्यातून तिले दुखायले फुरसतच नाई. माझी दाढ ठणकतेच आहे. तुमचा खोकला कसा आहे? राजधानी नागपुरातून मुंबईले गेल्यापासून तुमच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात काम कमी झालं म्हणतात, तवा पत्र सावकाश वाचायले हरकत नाई.

दादा, मले धक्का बसला आहे. असा तसा नाई. कापसाचा भाव पडला तवाही बसलता, पण तो साऱ्या गावाले बसलता, त्याले सोबत होती. हा एकट्या मले बसला, आन तोही माझ्याच तोंडून. चार लोकांत बोलतानी तोंडाले हात लावून पाहतो, की हे माझंच आहे ना.

सुरुवात डोमाजीपासून झाली. डोमाजी आमचा भाऊबंद, वावराले वावर लागून, धुऱ्याबांधावरचं भांडण आजोबापासून चालत आलेलं. त्याचा हरिदास नागपुरात शेतकी कॉलेजात आहे, हे तुम्हाले माहीत आहे. गेल्या साली सरकारनं त्या पोट्ट्याची फी माफ केली. बस, तवापासून डोमाजीची मान जी वर गेली ते खाली यायचं नावच नाई घेत. पानठेल्यावर सुपारी तोंडात टाकतो आन म्हणतो, "आमच्या हरिदासले सरकार शिकवून राह्यलं." अरे, सरकार काय तुह्या पोराचा मामा आहे? मी त्याले चार लोकांत विचारलं, "डोमाजी, सरकारजवळ पैसा आला कोठून? माह्या कापसावरून आला, तुह्या काडीपेटीवरून आला, आन जिच्या सात पिढ्यांत कोणी शाळेची पायरी नाई चढलं त्या वावरात तण निंदणाऱ्या बाईच्या मिठामिरचीवरूनही आला. तिनं उन्हात निंदावं आन तुह्या पोरानं नागपुरात पंख्याखाली बसून शिकावं? आन शिकून साहेब झाला की तिलेच दारात ताटकळत उभं करावं?" लोकांनं माना डोलावल्या. मले वाटलं, जिंकलो. डोमाजी म्हणे, "तुले कॉलेजात जाणारं लेकरू असतं तर बोलला नसता." हे मात्र लागलं, दादा.

(हरिदास दिवाळीले आलता तवा मी सहज म्हटलं, बावा, हा गोऱ्हा चारा खाऊन नाई राह्यला, पाहून दे. तर तो दुरूनच म्हणे, काका, हे आमाले तिसऱ्या वर्षाले आहे. आता बोला. गोऱ्ह्याले तिसऱ्या वर्षापर्यंत उपाशी ठेवू काय?)

आता लागलं काऊन ते सांगतो. कॉलेजात जाणारं लेकरू माझ्याही घरी आहे, तुमची भाची कोकिळा. मॅट्रिकच्या वर्गात आहे, येत्या मार्चात परीक्षा देईन, आन पास होईनच, कारण ती पोट्टी दिवा विझल्यावरही पुटपुटत राह्यते. तिले डॉक्टरीण व्हायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्यासमोर उभी राहून म्हणे, "बाबा, मी नागपुरले कॉलेजात जाऊ?" मी म्हटलं, नाई. कारण विचारलं तर तेही सांगतलं नाई. कारण आमच्या घरात कारभार माझ्या मोठ्या भावाचा, अण्णाजीचा. अण्णाजीनं जाम गावचं स्थळ पाहून ठेवलेलं. नाक्यावर त्यायचं चहाचिवड्याचं दुकान आहे, हैदराबादकडच्या मोटारी तथीच थांबतात. माघात बार उडवायचा, असं त्यानं मले सांगतलं (विचारलं नाई, सांगतलं). मी हाव म्हटलं. आजपर्यंत अण्णाजीपुढं मी दुसरा शब्द शिकलोच नाई.

असो. पोळा आला. तुम्ही नागपुरात राहून विसरले असान म्हणून लिहितो, की आमच्या पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राह्यले की झडत्या होतात. ज्याले ज्याची जिरवायची तो त्याच्यावर तुकबंदी म्हणतो, लोकं हर हर महादेव करतात, आन ज्याच्या झडतीले आरोळी मोठी त्याचं वर्षभर नाव. गेल्या साली डोमाजीनं माझ्या दाढेवर झडती म्हटलती, ते आठवून लोकं दिवाळीपर्यंत हासले. आन सिंदीचा रिवाज तुम्हाले ठाऊकच आहे: तोरणाखाली जो शब्द दिला तो पुढच्या पोळ्यापर्यंत मागं घेता येत नाई. घेतला तर त्या घरचे बैल तोरणाखाली उभे राहू देत नाई. मालगुजारी गेली तवापासून मालगुजाराच्या जागी मानाचे पहिले बैल आमच्या अण्णाजीचे. त्या मानासाठी अण्णाजी जेवण सोडंन.

मी ठरवलं, यंदा डोमाजीची आन त्याच्या सरकारची एकदमच जिरवायची. पण मी चौथी पास, भाषण करता येते, यमक जुळत नाई. म्हणून कोकिळाले म्हटलं, पोरी, मी बोलतो तसं जुळवून दे. तिनं निमूट पेन्सिल घेतली. मी म्हटलं, ज्याचं लेकरू त्यानंच शिकवावं, हे पहिले घाल. तिनं घातलं. मले वाटलं, पोरगी बापाच्या वळणावर गेली. मंग मी ते पाठ करायले लागलो. कापसाच्या जिनात म्हणो, वावरात म्हणो, बैलं धुतानी म्हणो. दादा, पाठ करतानी माणसाचं लक्ष ठेक्याकडं असते, अर्थाकडं नाई, हे ध्यानात ठेवजा. आरती म्हणतानी कोण अर्थ पाहतो?

पोळ्याच्या दिवशी पाऊस उघडलता. बैलं सजली, तोरण लागलं, डफडं वाजलं. डोमाजीनं आपली झडती म्हटली (त्यात मी कंजूस होतो, ठीक आहे). मंग मी अण्णाजीच्या बैलाजवळ उभा राह्यलो, छाती भरून आवाज काढला, आन म्हटलं:

सरकारच्या पोत्याले पडलं एक भोक,
डोमाजीच्या अंगणात दाणे टिपती लोक.
ज्याचं लेकरू त्यानंच शिकवावं नीट,
दुसऱ्याच्या घामावर काऊन चढावी वीट?
तोरणाखाली बोलतो, ऐका सारे कान देऊन,
आमची कोकिळा कॉलेजात जाईन पास होऊन.
फी भरीन मी तिची, सरकारची नाई घेणार,
घेतली तर डोमाजीच्या कोठ्यातलं शेण काढणार!

जे आरोळी उठली दादा, ते स्टेशनावर ऐकू गेली. माझ्या घरचे बैल बिचकले. मी मिशीवर हात फिरवला. आन हात मिशीवर असतानीच मले ऐकू आलं, की मी काय बोललो. आमची कोकिळा कॉलेजात. आमची! कॉलेजात! मी! पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ते खोटं आहे. जमीन तथीच राह्यते, पायच कोठी राह्यले ते समजत नाई. मी अण्णाजीकडं पाह्यलं. अण्णाजीचा फेटा तेवढा दिसला, खालचा चेहरा कोणीतरी काढून नेल्यासारखा. आन डोमाजी! ज्याची जिरवायची होती तो डोमाजी धावत आला आन माह्या गळ्यात पडला. म्हणे, "बाबाराव, मर्द आहेस! पोरीले शिकवतो!" धुऱ्याचं भांडण चालू असून माणूस असा गळ्यात पडला तर समोरच्यानं करावं काय? मी पण त्याले धरलं, नाई तर पडलो असतो.

बैलं घेऊन घरी आलो तर दारात पंचफुला आरती घेऊन उभी. बैलाच्या पायावर पाणी घालाच्या आधी तिनं माह्या पायावर घातलं. चुकून नाई, पाहूनशान. मी म्हटलं, हे काय? म्हणे, "आज तुमीबी काहीतरी ओढून आणलं." कोकिळाले मी बोलावलं आन गरजलो, हे काय जुळवलं? तर ती शांतपणानं म्हणे, "बाबा, ज्याचं लेकरू त्यानंच शिकवावं, हे तुमीच सांगतलं. मी तर तुमचंच लेकरू." कायद्यानं तिचं बरोबर होतं, दादा. मी बैलाचे गोंडे सोडायले लागलो.

तेवढ्यात डोमाजीचे बैल आमच्या दारी आले. पंचफुलानं त्यायची पूजा केली, पुरणपोळी चारली आन हाकणाऱ्याच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवले. मी चिडून म्हटलं, डोमाजीच्या बैलाले काऊन? त्यानं आपलं वावर नांगरलं का? ती म्हणे, "अवो, पोळ्याच्या दिवशी दारी आलेला बैल कोणाचा ते कोणी इचारते का? एकाच्या वावरात राबला तरी दाणा गावातच येते. तो हरिदास उद्या ज्या गोऱ्ह्याले हात लावंन तो काय डोमाजीचाच असंन?" मी म्हटलं, तो हातच नाई लावत. ती म्हणे, "तिसऱ्या वर्षाले लावंन ना." बाईमाणसासंगं वाद घालण्यात अर्थ नाई.

अण्णाजी त्या दिवसापासून माह्यासंगं बोलला नाई. जामच्या पाहुण्यांले मात्र त्यानं स्वतःच निरोप धाडला, की मुलगी शिकणार आहे, तुम्ही दुसरीकडं पाहा. धाडला म्हणजे धाडावाच लागला. शब्द मोडला तर पुढच्या पोळ्यात त्याचेच बैल तोरणाबाहेर. आन जूनमधे कॉलेज उघडते, पोळ्याच्या कितीतरी आधी. आता रस्त्यानं जो भेटते तो विचारते, बाबाराव, कोणतं कॉलेज? मी म्हणतो, पाहू. हेडमास्तर तर घरी येऊन चहा पिऊन गेले. मी कापसाची दलाली करणारा माणूस, नागपुरचं कॉलेज, होस्टेल, पुस्तकं, हे सारं कोठून आणू? विचार केला की दाढ आणखीनच ठणकते.

बाकी इकडचं ठीक. पाऊसपाणी बरं आहे. पत्र पोचल्याचं कळवजा.

आपला,
बाबाराव

ता. क. एक किरकोळ काम आहे. तुम्ही ऑफिसातच आहा म्हणून. हे सरकार म्हणे आता साऱ्याच गरिबाच्या पोरांची कॉलेजची फी माफ करणार आहे. ते पोरींलेही लागू आहे का, तेवढं विचारून ठेवजा. एका ओळखीच्या माणसासाठी पाह्यजे.

दुसरा ता. क. ओळखीचा माणूस मीच आहे. कोणाले सांगू नका. सरकारनं फी भरावी का नाई, याच्यावर माझं मत जे होतं ते अर्धं अजूनही तेच आहे. त्या निंदणाऱ्या बाईची मीठमिरची मी विसरलो नाई. पण कोकिळा डॉक्टरीण झाली तर त्या बाईले दारात ताटकळत उभं करणार नाई, हे मी सरकारले लिहून देतो. हरिदासचं मले माहीत नाई.

तिसरा ता. क. अण्णाजीले हे पत्र दाखवू नका, तो दिवाळीले तुमच्याकडं येणार आहे. दादा, तुमच्यापासून काय लपवू? ते कोकिळाची ओळ मी तिसऱ्याच दिवशी पाह्यलती. बैलं धुतानी म्हणता म्हणता थांबलो. एकदा वाटलं, पोट्टीले हाक मारावी आन झापावं. मंग वाटलं, घरात अण्णाजीपुढं हे बोलायची माझी हिंमत या जन्मात होणार नाई. तोरणाखाली बोललो तर त्यालेही मागं घेता येणार नाई. म्हणून राहू दिली. तिले अजून वाटते, बाप फसला. वाटू द्या. धक्का मात्र खरा आहे. बोलीन असं मले शेवटपर्यंत वाटलं नव्हतं.

शेवटचा ता. क. शेणाची ओळ तिची नाई, ते मी ठेक्याच्या नादात स्वतः जोडलती. तेवढीच चुकली. तरी फी माफ होत असंन तर माझी वाट पाहू नका, नाव घालून टाका. डोमाजीच्या कोठ्यात बैलं जास्त नाई, आन टोपलं आमच्या घरी आहेच.