पंधरा दिवस तोंड बंद

३ मार्च, मंगळवार

बोलायचं नाही! पंधरा दिवस एक शब्दही नाही. कुजबुजणंसुद्धा नाही — ते तर आणखी वाईट, असं घशाचे डॉक्टर म्हणाले. स्वरयंत्रावर बारीकशी गाठ आलीय. आवाजाला विश्रांती दिली तर विरेल, नाहीतर ऑपरेशन. "मग आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही," हे मात्र ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

वॉशिंग मशीनच्या कंपनीत मी दिवसभर लोकांच्या तक्रारींचे फोन घेते. आवाजावरच माझं पोट आहे. आणि घरी आल्यावर माझ्या तक्रारी सुरू होतात, असं लेक म्हणते. आज बातमी ऐकून बापलेक गंभीर झाले. पण हळूच एकमेकांकडे बघितलंच! मी काय आंधळी आहे?

५ मार्च

लेकीने तिची जुनी पाटी दिलीय. सकाळी नवऱ्याने पलंगावर ओला टॉवेल टाकला. मी लिहायला घेतलं — "किती वेळा सांगायचं की" — तेवढ्यात टॉवेल वाळत घालून, डबा उचलून स्वारी गेलीसुद्धा. मी आपली खडू धरून उभी.

७ मार्च, शनिवार

तक्रार लिहायची म्हणजे भारी काम. भांड्यांबद्दल लिहिणार होते. चार ओळी होणार असं दिसलं, म्हणून पुसून टाकलं आणि लिहिलं, "चहा छान." तेवढंच सोपं पडलं. नवऱ्याने पाटी दोनदा वाचली. "रोज असाच तर करतो," म्हणाला.

खरंच की काय? आठवत नाही मला.

१० मार्च

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. घरी तोंड उघडतो ते जेवायला. आज भांडी पुसता पुसता आपणहून बोलायला लागला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की त्याला अजून भीती वाटते. वर एवढी लोखंडी पेटी लटकलेली, सुटली तर? मग तो मनातल्या मनात गाणं म्हणतो. लेकीला झोपवताना मी म्हणायचे ते, माझ्याच आवाजात आठवून.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी लिहिलं.

"सांगणार होतो. तुझं काहीतरी चालू असायचं."

रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च, शनिवार

लेक हल्ली केस विंचरून घ्यायला माझ्यापुढे येऊन बसते आणि तोंडाचा पट्टा सोडते. मैत्रिणीने अबोला धरलाय. गणित डोक्यावरून जातं. वर्गातला एक मुलगा "बरा आहे" — बरा म्हणजे काय, ते विचारायची सोय नाही! एरवी पहिल्या वाक्यालाच मी उपदेश सुरू केला असता. आज नुसती विंचरत राहिले. आतून नवरा कशाला तरी हसला.

एकदम भरून आलं. घर लहान, पगार लहान, नवरा घुम्या, पोरगी आळशी — किती वर्षं माझं हेच रडगाणं. यातलं काही बदललेलं नाही, स्वयंपाकघरातला नळही गळतोच आहे. आणि मी सुखी आहे. किती काय आहे माझ्याकडे! लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

१६ मार्च

उद्या तपासणी. गाठ तशीच असली तर? कामाचं जाऊ दे, या दोघांना हाक कशी मारणार? नवरा म्हणाला, "रजा टाकतो, बरोबर येतो." मी "नको" लिहिलं. जे काही असेल ते आधी मला एकटीला कळू दे.

१७ मार्च, मंगळवार

गाठ विरली! डॉक्टरांपुढे बोलून दाखवलं. जरा घोगरा, पण माझाच आवाज. आजपासून खुशाल बोला, म्हणाले.

घरी येऊन पाटीवर लिहिलं — गाठ गेली, पण अजून आठ दिवस बोलायचं नाही.