कपाळाला टाके कसे पडले

छोटीच्या आईस, प्रभूमध्ये सलाम.

मी ठणठणीत आहे. कपाळाला फक्त तीन टाके पडलेत.

आमच्या लॉन्ड्रीत काउंटरवर नवी बाई आली आहे. दिसायला... जाऊ दे. गावाहून निघताना चर्चच्या पाळकसाहेबांनी बजावलं होतं, वाईट नजरेनं पाहिलं तरी पाप झालंच, अंतःकरण सांभाळ. म्हणून महिनाभर मी तिच्यासमोरून मान खाली घालूनच गेलो. काल चादरींचा गठ्ठा घेऊन तसाच निघालो आणि कपाटाचं उघडं दार कपाळात बसलं.

मुकादम म्हणाला, "एवढा सज्जन माणूस पाहिला नाही बुवा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी तिच्या निळ्या चपला, शुक्रवारी उंच टाचेच्या, सगळं मला तोंडपाठ आहे गं. नजर जमिनीवर होती, मन नव्हतं.

आज सरळ तिच्या तोंडाकडे बघून नमस्कार केला. तिनं टाक्यांची चौकशी केली, मग आजारी वडिलांचं सांगत बसली. चपला बघायच्या राहूनच गेल्या.

छोटीचा खोकला गेला का? आणि तुझ्या पायात हल्ली काय असतं, ते काही केल्या आठवेना. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं आखून पाठव. चपला आणीनच, पण तोवर कागद इस्त्रीच्या टेबलाजवळ फरशीवर चिकटवतो. मान खाली गेलीच, तर तेच दिसू दे.

तुझाच,
छोटीचा बाबा