अकरा लग्नांची डिस्क

अण्णा, तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. माणूस गेलं की राग सोडून द्यावा, असं आई म्हणते. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली, माझा राग जागचा हललेला नाही. आज सकाळी दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून मी डिस्क बसवत होते. पहिलीवर सॉफ्टवेअर, दुसरीवर शूटिंग, तिसरीवर तयार झालेली फिल्म आणि चौथी नुसती प्रत ठेवायला. पहिल्या तिन्हींची मांडणी तुमची. चौथी माझी, आणि ती का लागली हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तिचा स्क्रू हातातून निसटला तेव्हा मी तुम्हाला मोठ्यानं बोलले. दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं.

शिकवताना तुम्ही इतके चांगले होता, त्याचाच जास्त राग येतो. गुलमंडीवर कापडाच्या दुकानावरची आपली ती पत्र्याची खोली. कॉम्प्युटर उघडा टाकून तुम्ही मला समजावत होता, "एकाच डिस्ककडून वाचून घ्यायचं अन् तिच्याकडूनच लिहून घ्यायचं, तर ती इकडं पळंल का तिकडं? एका बाईनं एकाच वक्ताला दळायचं अन् पोळ्या बी लाटायच्या, असं व्हतं का कधी?" मी हसले होते, कारण आपल्या घरी आई नेमकं तेच करायची आणि तुम्हाला ते कधी दिसलं नव्हतं.

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. शहर चहूकडे वाढत होतं, बायपासला एकामागून एक मंगल कार्यालयं उभी राहत होती, आणि नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा. खेड्यांत एकेकट्यानं लग्न उरकणं कुणाला झेपेना, म्हणून चितेगावजवळ एकाच मांडवात अकरा जोडप्यांचं लग्न लागलं आणि शूटिंग आपल्याला मिळालं. प्रत्येक घराला आपापली वेगळी डीव्हीडी हवी होती. तुम्ही मांडवातच छाती पुढे काढून आठ दिवसांचा वायदा करून आलात. तो पाळायचा म्हणून तुम्ही शूटिंगसाठी दोन डिस्क जोडून एक केली. प्रत्येक फाइल अर्धी हिच्यावर, अर्धी तिच्यावर. काम झपाट्यानं होतं, पण एक डिस्क बिघडली की दोन्हींवरचं सगळं गेलं. मी म्हणाले, "अण्णा, निदान कॅमेऱ्याची कार्डं पुसायला नको. नाहीतर तिसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवू." तिसरीवर तुम्हाला डीव्हीडी बनवायच्या होत्या आणि कार्डं दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला लागणार होती. "कोर्स केलास म्हून मला शिकवतीस व्हय? तुझ्या जन्माच्या आधीपासून कॅमेरा धरायलोय मी." समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली. मी कार्डं पुसली. तुमच्या सांगण्यावरून, पण माझ्या हातानं.

कूलरमध्ये ओतायला पाणी नव्हतं. प्यायचं पाणी कूलरला कुठून घालणार, त्यात तुमची चूक नव्हती. खोली नुसती भाजून निघत होती आणि उघड्या कॉम्प्युटरसमोर आपण टेबलफॅन लावलेला. तिसऱ्या दुपारी, पहिलीच डीव्हीडी निम्म्यावर असताना, आतून टकटक आवाज येतो. तुम्ही माझ्याकडे बघता, मी तुमच्याकडे. स्क्रीनवरची पट्टी जागीच थांबलेली. तुम्ही बंद करून पुन्हा चालू करता, चारदा, पाचदा, आणि मग घाम पुसत खाली चहाला निघून जाता.

आठवड्यानं एका नवरीचे वडील जिना चढून आले. डीव्हीडी न्यायची म्हणून हौसेनं पेढे आणले होते. तुम्ही त्यांना बसवलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "काय सांगू पाव्हणं, पोरीनं चुकून फॉरमॅट मारला. नवीन हाय, शिकायलीय अजून." मी तिथंच, तुमच्या खुर्चीला धरून उभी होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "एकच लेक हाय मला, बाई," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तिचं लगीन परत लागंल का?" मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही मला आत पिटाळलंत, पाहुण्यांना चहा आण म्हणून.

बाकीच्या दहा घरांनाही तुम्ही तेच सांगितलंत. मला मशीनवरून उठवून अल्बमचे फोटो चिकटवायला बसवलंत, लोकांना दिसावं म्हणून. "पोरीच्या हाती देऊ नका बरं का," असं गिऱ्हाइकं माझ्यादेखत म्हणायची आणि तुम्ही हसून मान हलवायचा. जे काम मला तुमच्यापेक्षा चांगलं यायला लागलं होतं, तेच तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. मी शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत कॉम्प्युटरवर आकडे भरायला गेले ती त्याचमुळे. तुम्ही आजारी पडल्यावर परत आले, दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून वाट बघत राहिले, आता म्हणाल, मग म्हणाल. तुम्ही विचारलंत काय, तर यूपीएसची बॅटरी बदलली का! खोटारडे होता तुम्ही, अण्णा, आणि भित्रेही. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं, तर मी तुमचे पाय चेपत बसले.

हे सगळं आजच उफाळून यायला एक कारण आहे. परवा एक बाई दुकानात आल्या. मी शेंद्र्याला असताना त्यांच्या मुलाच्या बारशाचं शूटिंग तुम्ही केलं होतं. "त्यात आमच्या सासूबाई पाळणा म्हणतात हो. त्या आता नाहीत. एक प्रत काढून द्या ना," म्हणाल्या. तुम्ही गेल्यावर वर्षभरानं, नव्या कामाला जागा हवी म्हणून, मीच ते पुसलं होतं. कुणालाही विचारलं नव्हतं. मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघून म्हणाले, "ते काम अण्णांच्या हातचं. त्यांच्याकडूनच गेलं असणार." विचारसुद्धा करावा लागला नाही मला. त्या बाईंनी तुमच्या फोटोला हात जोडले, "असू द्या, गेलेल्या माणसाला काय बोलायचं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. त्यांना फोन करायचा सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.