भिडस्त उंदरांचे संशोधन

३ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत रुजू झाले. मेंदूतील एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, भीती वाढवतो. तो औषधाने बंद केल्यास उंदीर धीट होतो का, हे मी पाहणार. धीट उंदीर मोकळ्या पेटीत मधोमध फिरतो, भित्रा भिंतीला चिकटतो. निष्कर्ष चांगला आला तर पुण्याच्या परिषदेत निबंध मीच वाचायचा, असे प्रयोगशाळेचे प्रमुख वसंत सर म्हणाले. वाचीन. मराठी माध्यमातून शाळेत पहिली आलेली मुलगी कोणाला भिणार?

५ फेब्रुवारी
सीनियर मायाताईंनी सांगितले की चाचणीआधी आठवडाभर प्रत्येक उंदीर रोज हातात घ्यायचा, म्हणजे त्याला आपली सवय होते. तत्त्व मान्य. तथापि पहिल्याच भेटीत कोणाला उचलून घेणे प्रशस्त वाटत नाही. आज पिंजऱ्याबाहेरूनच दृष्टिभेट घेतली.

८ फेब्रुवारी, दुपारी
दृष्टिभेटी नियमित. मायाताई दारातून म्हणाल्या, अवं अरुंधती, उचल ना त्याईले, स्थळ पाहाले आले का ते? मी स्मित केले. उद्या निश्चित. आज हातमोजे सैल होते.

९ फेब्रुवारी
सीताबर्डीपर्यंत मेट्रोत उंदीर हाताळण्यावरची दोन प्रकरणे वाचली. आता प्रत्यक्ष उचलणे ही केवळ औपचारिकता.

१३ फेब्रुवारी
चाचणी. औषध दिलेले, न दिलेले, सगळेच भिंतीला चिकटले. यावरून नवाच सिद्धान्त सुचतो: हे उंदीर भित्रे नसून चिंतनशील आहेत. सरांना शेजारच्या खोलीतून ईमेल केला.

१६ फेब्रुवारी
सरांनी एवढेच विचारले की उंदीर हातात घेतले होते का. दृष्टिभेटींविषयी सांगितले. सरांनी मायाताईंना बोलावले. मायाताई म्हणाल्या, चिंतन कायचं वं, तुले भिऊन राहिले ते. मग त्यांनी स्वतः हाताळलेली दुसरी तुकडी पेटीत सोडली. औषध मिळालेले उंदीर मधोमध हिंडू लागले.
पुण्याला मायाताई जाणार. बरेच झाले, मला प्रवास सोसत नाही.

२० फेब्रुवारी
नवी तुकडी माझ्याकडे. फक्त हाताळायची, चाचणी दुसरे घेतील. सकाळी डोळे मिटून पहिला उंदीर उचलला. डोळे उघडले तेव्हा तो तळहातावर झोपला होता. खाली ठेवावा तर झोपमोड होईल. मायाताईंना हाक मारावी तर त्या पलीकडे पाहुण्यांशी बोलत आहेत. हे डाव्या हाताने लिहीत आहे. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली.