उशीखालचा कागद

तीर्थरूप दादा,

बसल्या बसल्याच नमस्कार करते. पोटाला टाके आहेत, वाकता येत नाही.

तब्येत सुधारतेय, काळजी नसावी. तशी तू करत नसशीलच म्हणा. इथे रोज सकाळी नर्सबाई आम्हाला हसायला लावतात. टाक्यांवर उशी दाबून आम्ही बायका खो खो हसतो. मग मनातला एकेक राग कागदावर लिहून फाडायचा. त्याने माणूस लवकर बरं होतं म्हणे.

सोडून गेलेला नवरा फाडला, साहेब फाडला. तुझा कागद राहिलाय.

ऑपरेशनच्या सहीला येतो म्हणालास आणि आला नाहीस. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याने सही केली. नात्याच्या रकान्यात त्याने ‘भाऊ’ लिहिलं. तेव्हा मात्र मला खरंच हसू आलं.

वहिनीचा गुडघा कसा आहे?

कागद उशीखाली ठेवलाय. निदान फाडायला तरी ये.

तुझीच,
धाकटी