पुढचं भिंग

चाचा, तुम्ही माझ्याशी एकदा धडधडीत खोटं बोललात आणि ते पकडायला मला तीस वर्षं लागली. तुम्ही जाऊनही आता वीस होतील, तेव्हा बाजू मांडायची संधी तुम्हाला नाही. मिळाली असती तरी तुम्ही चहा मागवला असता आणि विषय गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीवर नेला असता.

कॉलेज सुटलं की मी तुमच्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायला बसायचे. गिऱ्हाइकांचे मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं टोकदार शिशानं बुजवायचे, म्हणजे मीही काही हरिश्चंद्राची नात नव्हते. पलीकडं तुम्ही काळ्या फडक्यात डोकं घालून उभे. लाकडी कॅमेरा, त्याला पेटीसारखा भाता, पुढं पितळी नळकांडं. लग्नाच्या मुलींचे फोटो काढावेत तर तुम्हीच. चेहऱ्यावर दुधाची साय धरावी तसा उजेड यायचा. भिंगावरची टोपी काढून तुम्ही मोजायचात, "एक... दो... तीन," आणि तेवढा वेळ मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचात. समोरच्याला आपल्याकडं कुणी टक लावून बघतंय असं वाटू नये, म्हणायचात.

माझ्या डाव्या गालावर स्टोव्हच्या भडक्याचा डाग आहे, कानाजवळून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. सातवीपासूनचा, म्हणजे माझ्या अक्कलदाढेपेक्षा जुना. लग्नासाठी फोटो हवा होता, तर तुम्ही म्हणालात, "बस बेटा, तुझा मी काढतो. घर की बात है." फोटो हातात आला तर डाग गायब. आई खुशीनं रडली. मी गप्प बसले, ही माझी चूक. त्यानंतर ती सहसा केलेली नाही. पुढच्या रविवारी जालन्याहून पाहुणे आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. मुलाच्या मावशीनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि आईला म्हणाली, "ही कोण, बहीण का? फोटोतली कुठंय? बोलवा की तिला." दाराआडून माझी धाकटी बहीण हे ऐकत होती. पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

सोमवारी मी तो फोटो तुमच्या टेबलावर आपटला. "असा खोटा कायकू काढला, चाचा?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "पोरी, फोटो म्हंजे पंचनामा नाय." मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता खरा काढून द्या. तुम्ही त्या पितळी नळकांड्यावर हात ठेवलात. "हे भिंग असंच बघतं बेटा. त्याला दुसरं येतच नाय. आन् जिभेला जरा आवर, लई तिखट झाली." जिभेचं मी ऐकलं नाही, आज वर्तमानपत्रात तिच्यामुळंच माझं नाव छापतात. भिंगाचं मात्र खरं मानलं. स्टुडिओ बंद करताना तुम्ही कॅमेरा मलाच दिलात, सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत काहीतरी जड. मी तो उघडलाही नाही. राग होता.

आता माझ्या लेखांचं पुस्तक येतंय. प्रकाशकाचा फोन आला, "मॅडम, फोटो पाठवा, गाल आम्ही जरा स्मूद करून घेतो." तुमची साय हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते, चाचा; सगळा गाव गोरा आणि गुळगुळीत झालाय. मी म्हटलं, फोटोला हात लावाल तर पुढचा लेख तुमच्यावर. फोन ठेवला आणि माळ्यावरून तुमचा कॅमेरा काढला, डबा काढला. डब्यातून मलमलीत गुंडाळलेलं आणखी एक भिंग निघालं, आट्यांचं. ते नळकांड्याच्या पुढच्या तोंडावर असं फिरत बसलं, जणू कालच काढलं होतं. मग पितळेवर कोरलेल्या आकड्यांच्या दोन ओळी दिसल्या. एक दोन्ही भिंगांच्या जोडीसाठी, दुसरी नळकांड्यातलं मागचं भिंग एकटंच वापरायचं तेव्हासाठी. एकटं असलं की भाता जवळपास दुप्पट ओढायचा. चेहरा मोठा येतो आणि नरम येतो. पुढचं बसवा, उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या आतल्या पाकळ्या मिटत आणा, की पापणीचा केस न् केस मोजून घ्या. त्याला दुसरं येत होतं, चाचा. तुम्हीच त्याचा अर्धा डोळा बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवला होतात.

धाकटीला पुंडलिकनगरहून बोलावलं. गच्चीवर खुर्ची टाकली. एक्स-रेची फिल्म कापून लावली. त्या फिल्मला लाल रंग दिसत नाही, त्यामुळं माझा तांबूस डाग आणखी काळा उतरतो. मुद्दामच. धाकटीनं फडक्यात शिरून कॅमेऱ्यामागच्या काचेवर माझा गाल नेमका आणला, मग मी सांगितलं म्हणून पाकळ्या मिटल्या. फिल्म धुतल्यावर ती म्हणाली, "ताई, कान लई भारी आलाय. गाल कुठंय?" पाकळ्या मिटल्या की या भिंगाची नजर मागं सरकते, हे तुम्ही शिकवलंत कधी? दुसऱ्या खेपेला आधी पाकळ्या मिटल्या आणि अंधुक काचेवर डोळे फोडून गाल धरला. आला. सुरकुत्यांसकट, डागासकट, मावशीला बोलवून दाखवावा असा. तोच पुस्तकावर जाणार.

मग धाकटी खुर्चीत बसली. गेल्या वर्षीच्या आजारपणानं तिचा चेहरा पार ओढलाय. म्हणाली, "आता माझा काढ. पण ते पुढचं काढून ठेव." सत्यावरचं माझं भाषण तोंडात तयार होतं. ते गिळलं आणि आटे उलटे फिरवले. फरक एवढाच की तिनं मागितलं. मला तुम्ही विचारलं नव्हतं. यावरून मी हटणार नाही, तुम्ही समोर येऊन चष्मा पुसलात तरी.

हे पत्र त्याच डब्यात ठेवतेय, मलमलीखाली. एक मात्र कबूल करते. टोपी काढून एक, दो, तीन मोजताना मी धाकटीकडं बघत नव्हते. समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होते.