माय, हळदीला पाणी जास्त झालं

प्रिय माय,

उद्या वेळ अमावस्या, आपली येळवस. तुझ्याशिवायची पहिली. तुला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, म्हणून भावकीनं यंदा सण नको म्हणून सांगितलं होतं. पण दादा ऐकतोय होय! म्हणाला, "सण नगं तर नगं, पर पांडवाला उपाशी कसं ठिवायचं?" मग भावकीही मानली, उद्या रानात जेवायला येणार आहे; म्हणून आंबील लावली आहे, भज्जीच्या भाजीसाठी शेंगा सोलून ठेवल्यात. आणि मी सगळं तसंच टाकून तुला लिहायला बसले आहे. उद्या रानातल्या त्या पाच दगडांपुढं, आपल्या पांडवांपुढं, हात जोडायचे, तर त्याआधी तुला एक सांगायलाच हवं.

तुझी हळद सडली, माय. मी सडवली.

तुझी म्हणजे खरोखरच तुझी. भोकरकडून लग्न होऊन तू निलंग्याच्या या शिवारात आलीस, तेव्हा आजीनं, तुझ्या आईनं, ओटीत वाळलेलं हळकुंड घातलं नाही, कोंब धरलेले पाच गड्डे घातले. तू ते न्हाणीच्या पाण्यावर लावलेस. मग वाफा झाला, मग अर्धा एकर. दरवर्षी काढणीला थोरले गड्डे निवडून कडुनिंबाच्या पाल्याखाली झाकून ठेवायचीस, आणि त्या बेण्याला कुणी बोट लावलेलं तुला खपायचं नाही. दवाखान्यात शेवटी नाकात नळी होती, तरी माझा हात धरून काय बोललीस? दागिन्याचं नाही, नातवंडांचं नाही. "शके, बेणं मोडू नगंस."

मी मान हलवून हाव म्हणाले. हाव म्हणायला काय जातं!

रागावू नकोस, पण थोडं तुझंही चुकलं. मला कधी मातीत हात घालू दिलास तू? खुरपं उचललं की हिसकावून घ्यायचीस. "तुज्या हाताला खडूच बरा दिसतो." आणि स्वतः मात्र मूठभर माती घेऊन दाबायचीस, मूठ उघडून अंगठ्यानं ढेकूळ फोडायचीस. सहज फुटलं की म्हणायचीस, "वापसा आलाय, सोडा पाणी." चिकटून बसलं की, "आजून दोन दिस थांबा." एकदा मी विचारलं, कसं कळतं गं तुला? तू म्हणालीस, "हाताला कळतंय." झालं! हे काय उत्तर झालं? वर्गात पोरांना मी असं उत्तर दिलं असतं, तर पोरं हसली असती.

तू गेल्यावर दादानं तो अर्धा एकर माझ्याकडं दिला. "बेणं तुज्यावर सोपवलंय तिनं, हळद तूच बघ." मला भीती वाटली. तुझा हात कुठून आणू? म्हणून मी मातीत बसवायचं यंत्र आणलं. सेन्सर म्हणतात त्याला. जमिनीत ओल किती, खत किती, ते माझ्या फोनवर दिसायचं. लाल म्हणजे कोरडं, हिरवं म्हणजे ठीक. लाल दिसलं की मी शाळेतल्या खुर्चीत बसून बटण दाबायचे आणि इकडं मोटार चालू होऊन ठिबकला पाणी सुटायचं. किती मिरवले मी, माय! साऱ्या शिक्षकांना फोन दाखवत सुटले.

यंत्र बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "ताई, पिकाच्या मुळाशीच बसवू." पण मला धास्ती. हळदीला मातीची भर लावताना कुदळ लागली तर? वायर तुटली तर? मी म्हटलं, जिथं कधीच औत जात नाही, अशी एक जागा आहे आमच्या रानात. आणि त्याला घेऊन गेले कुठं? पांडवांच्या जागेवर! हळदीच्या कडेला, त्या पाच दगडांपाशी. देवाची जागा, कुणी धक्का लावणार नाही. शिवाय येळवशीला तू तिथंच बसून सगळ्यांना वाढायचीस. मला वाटलं, आईच्या नजरेखाली राहील. त्या माणसानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ड्रिलनं भोक पाडून बसवलं गुमान.

त्या जागेला तू कधी नांगर लागू दिला नाहीस. वर्षानुवर्षं तिथं येळवशीची कडब्याची कोप उभी राहिली, साऱ्या गावाच्या पंगती बसल्या, शेणानं सारवून सारवून जमीन घट्ट झाली. ठिबकची नळीही तिथपर्यंत जात नाही. तिथं ओल कशी उतरणार? विज्ञान शिकवते मी, माय. विज्ञान! आणि एवढं डोक्यात आलं नाही.

फोन लालच राहिला. मी पाणी सोडत राहिले. पावसाळा सरला तरी लाल. पानं पिवळी पडायला लागली, तर मला वाटलं खत कमी पडलं. फोनही तेच सांगत होता. मग ठिबकमधून युरिया सोडला, आणि त्याच्यावर पुन्हा पाणी.

दादा एकदा म्हणाला होता, "शके, रान लई ओलं लागायलंय पायाला." मी त्याच्यापुढं फोन धरला. "हे बघ, कोरडं दाखवतंय." तो बिचारा खुरपं उचलून पुढच्या सरीला गेला. बहीण शिकलेली ना! तेव्हाच तू असतीस तर माझ्या पाठीत एक धपाटा घातला असतास. का नव्हतीस गं तेव्हा?

परवा दादा कोपीचे मेढे रोवायला आला. पहार मारली तर खणकन आवाज झाला. पुन्हा मारली, पुन्हा तेच. दोन बोटंसुद्धा पहार आत जाईना. आणि तिथून चार पावलांवर हळदीच्या सरीत मी उभी होते, तर माझी चप्पल चिखलात रुतलेली. दादानं यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "हितं कशाला बसवलीस गं बाई?" एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी तिथंच बसून हातानं उकरायला लागले. पहिला गड्डा बोटानंच दबला, आतून पिचपिचीत पाणी आलं. वास तर सांगवत नाही. दुसरा तसाच. ती सरी तशीच, पुढचीही तशीच. पाण्यावाचून पिकं जळताना पाहिलेली माणसं आपण, आणि मी तुझं बेणं पाण्यात बुडवून मारलं! आता मी काय करू? तुझ्या माहेरात आता कुणी हळद लावत नाही, दादानं काल फोन करून विचारलं. हे गेलं की गेलंच, माय. आजीचं पण गेलं, तुझं पण गेलं.

वरच्या बांधाकडच्या दोन सऱ्या तेवढ्या हिरव्या आहेत अजून. तिथं चढ आहे, पाणी थांबत नाही. त्यांच्या पोटात काय आहे ते मला माहीत नाही. उकरून बघायची हिंमत होत नाही. आज सकाळी तिथली मूठभर माती घेतली आणि तुझ्यासारखी दाबली. अंगठा ठेवला. ढेकूळ अर्धं फुटलं, अर्धं चिकटलं. याला काय म्हणायचं गं? वापसा आलाय का? सांग ना! दादाला दाखवलं तर तो म्हणाला, "मला पायानं कळतंय, हाताचं ठाव न्हाई. ते माय बघायची."

तुला वाचता येत नव्हतं. म्हणून उद्या रानात आंबील शिंपून झाली, पंगत बसली की हे सगळं पत्र मी कोपीत उभी राहून मोठ्यानं वाचणार आहे. दादासमोर, भावकीसमोर. शिकलेल्या बाईनं काय केलं ते साऱ्यांना कळू दे.

आणि एक शब्द देते. यंत्र मी फेकणार नाही. त्याची चूक नाही, ते जिथं बसवलं तिथलं खरंच सांगत होतं. ते उपटून त्या दोन सऱ्यांत मुळाशी बसवणार. पण रोज शाळेला जायच्या आधी तिथं जाईन, मूठ दाबेन, आणि मग फोन बघेन. हाताला कळेस्तोवर. एकच गड्डा धड निघाला तरी तो न्हाणीच्या पाण्यावर लावीन, तू लावला होतास तसा. आणि एकही निघाला नाही तर? ते आज मला लिहवत नाही, माय.

नखांत माती घेऊन बसलेली,
तुझी शकू